वाघोबा आणि बनबिबी : रानाशी झालेले दोन करार

पालघर-ठाण्याच्या डोंगरपट्ट्यात वारली पाड्यांच्या परिसरात शेंदूर माखलेली वाघोबाची शिळा किंवा लाकडी फळी आढळते. तिच्यावर वाघासोबत बहुधा चंद्रसूर्यही कोरलेले असतात. भयातून जन्मलेली उपासना एवढे म्हणून पुढे जाण्याचा मोह अभ्यासकाला पडतो. परंतु वारल्यांची कथा भयाहून करारावर अधिक भर देते. एका स्त्रीच्या पोटी जन्मलेला वाघोबा गुरे मारू लागतो, गाव त्याच्यावर उठते, तेव्हा आईच मध्यस्थी करते : गावाने त्याला स्थान आणि वार्षिक मान द्यावा, त्याने गावाला उपद्रव देऊ नये. वाघबारशीला हा मान पोचवला जातो. (बोलीत ‘वाघ’ म्हणजे पट्टेरी वाघ आणि बिबट्या दोन्ही, त्यामुळे पट्टेरी वाघ या भागातून नाहीसा झाला तरी दैवताचा आधार सुटला नाही.)

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘जहुरानामा’ म्हणून छापल्या गेलेल्या बंगाली बनबिबी-कथेतही आई आणि करार आहेतच. मात्र तिथे आधी एक खोटा करार होतो. मध-मेणाच्या बदल्यात धोना हा व्यापारी दुखे या गरीब पोराला व्याघ्ररूपी दक्षिण रायाच्या हवाली करतो. दुखेने हाक मारताच बनबिबी धावून येते आणि नवा करार ठरतो : निर्लोभ मनाने रानात येणाऱ्याला अभय. वारली कथेत वाघाला आवरायचे आहे. सुंदरबनात माणसाच्या हावेलाही.

वसाहतकालीन सरकारने वाघ मारणाऱ्यास बक्षीस लावले, तेव्हा वाघ करारातला पक्ष उरला नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आली. तरी जनावराला ‘समस्या’ समजून उचलून दुसरीकडे सोडण्याची वृत्ती टिकली. जुन्नर वनविभागात २००१ पासून बिबटे मोठ्या प्रमाणावर असे हलवले गेले आणि माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेले.

म्हणून जुन्या करारांचे गोडवे गावेत असेही नाही. सुंदरबनात पती रानात असेतो पत्नीने वैधव्यासारखे नियम पाळायचे असतात. तो वाघाच्या तोंडी गेला तर नियम तिनेच मोडले असे धरून ‘स्वामीखेको’, म्हणजे नवऱ्याला खाणारी, असे तिला हिणवले जाते. करारातील ही तिसरी बाई दोन्ही कथांत कुठेच नाही.