ठिणगी, दाब आणि आपला खिसा

टर्बो पेट्रोल गाडी घेतली की कधी ना कधी एक प्रश्न पडतोच: स्पार्क प्लग 'अपग्रेड' करायचे का? सध्या तो मला पडलाय. मत मात्र सगळ्यांचं तयार असतं. "इरिडियम टाक रे, पिकअप बघ कसा येतो!" पैसे घालवण्याआधी म्हटलं, जरा इतिहास चाळून बघू. वीकेंड कशासाठी असतो? :)

तर मंडळी, 1860 मध्ये एतिएन लनुआरने पॅरिसमध्ये गॅसवर चालणारं इंजिन केलं आणि ते विजेच्या ठिणगीने पेटवलं. पण त्यात पेटण्याआधी मिश्रण दाबलंच जात नसे, त्यामुळे ठिणगीचं काम सोपं होतं. पुढे 1876 मध्ये ऑटोने आधी दाबून मग पेटवणारं चार स्ट्रोक इंजिन केलं, पण ते पेटवायला चक्क ज्योत वापरली! डाइमलरने तापलेली नळी वापरली. मोटारीला भरवशाची ठिणगी मिळायला 1902 उजाडलं, तेव्हा बॉशकडच्या गॉटलोब होनोल्डने हाय-व्होल्टेज मॅग्नेटो आणि त्याला जोडीचा प्लग तयार केला.

दाबाशी ठिणगीचं वाकडं का? हे फ्रिडरिश पाशेनने 1889 मध्येच दाखवलं होतं. ठिणगी पडायला किती व्होल्टेज लागेल, हे वायूचा दाब आणि दोन टोकांमधलं अंतर यांच्या गुणाकारावर ठरतं. टर्बो म्हणजे सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबणं. हवा दाट झाली की त्याच गॅपला जास्त व्होल्टेज लागतं. कॉइलला ते जमलं नाही की ठिणगी चुकते आणि गाडी ऐन ओव्हरटेकला गचके खाते.

दुसरी भानगड उष्णतेची. रेसिंगच्या इंजिनांत चिनी मातीचे इन्सुलेटर तडकायचे, म्हणून केनेल्म ली गिनेस या ब्रिटिश रेसरने अभ्रकाचे प्लग बनवले. 'के.एल.जी.' हा ब्रँड त्याचाच. याच पठ्ठ्याने 1922 मध्ये ब्रुकलँड्सवर जमिनीवरच्या वेगाचा विक्रम केला.

मग 1962 मध्ये अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर आली. टर्बो आणि वर 10.25 चं कॉम्प्रेशन! नॉकिंग होऊ नये म्हणून पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण इंजिनात फवारायचं. लोक ती टाकी भरायचे विसरायचे, मग बूस्ट कमी व्हायचा आणि तक्रारी सुरू. 1963 नंतर गाडी बंद. पुढे साबने 1990 च्या दशकात ट्रायॉनिक सिस्टीम आणली. तिच्यात प्लगमधूनच आयन करंट मोजून नॉकिंग ओळखलं जायचं. म्हणजे प्लग झाला सेन्सर!

या सगळ्यातून मला एक पॅटर्न दिसला. आधी इंजिनाची गरज वाढली, मग प्लग बदलला. नुसता भारी प्लग लावून इंजिनाची ताकद वाढली, असं कुठे सापडलं नाही.

आता इरिडियम. ते सुमारे 2450 अंशांना वितळतं, निकेल 1455 ला. म्हणून टोक बारीक ठेवता येतं, ते हळू झिजतं आणि ठिणगीला व्होल्टेजही कमी लागतं. फायदा खरा आहे, पण तो मुख्यतः आयुष्याचा. शिवाय आजच्या बऱ्याच टर्बो गाड्यांत कंपनीच इरिडियम किंवा प्लॅटिनम देते. मग अपग्रेड कसलं?

खरा धोका हीट रेंजमध्ये आहे. प्लग जास्त 'गरम' असला तर टोक लाल होऊन ठिणगीआधीच मिश्रण पेटतं, आणि त्यात पिस्टनला भोक पडू शकतं. जास्त 'थंड' असला तर शहरातल्या ट्रॅफिकमध्ये काजळी धरतो. त्यात गंमत म्हणजे एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये उलटं! नुसता आकडा बघून प्लग उचलला तर संपलंच.

तर माझा निर्णय: गाडी स्टॉक आहे, रीमॅप केलेली नाही. म्हणून मॅन्युअलमध्ये लिहिलेलाच प्लग, तोच गॅप, आणि बदलायचा तो वेळेवर. उद्या बूस्ट वाढवला, तर ट्यूनरशी बोलून एक पायरी थंड प्लग आणि कमी गॅप. तोवर उरलेले पैसे चांगल्या टायरना.

तुमचा प्रश्न सोडवायचा असेल तर 'कुठला प्लग भारी?' हे नंतर विचारा. आधी विचारा, 'माझ्या इंजिनात काय बदललंय?' उत्तर 'काहीच नाही' असेल, तर पाकीट खिशातच राहू द्या.