पारव्याच्या आतड्यातला इतिहास

औरंगाबादहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरहून, पैठणकडे जाताना वाटेत चितेगाव लागते. वाडे, देवळे, कारखान्यांची छपरे अशा जागा पारव्यांना आवडतात. पारवा इतका ओळखीचा पक्षी, की त्याच्या आतड्यात कोण राहते हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. महाराष्ट्रात मात्र तो बराच आधी विचारला गेला.

नागपूरचे प्राणिशास्त्रज्ञ एम. ए. मोघे यांनी १९२५ मध्ये कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियमच्या नियतकालिकात पारवे-होले यांच्या कुळातील पक्ष्यांत सापडलेल्या पट्टकृमींच्या दोन नव्या जातींचे वर्णन केले. त्यांनी शोधलेली एक जात आज ‘रायलिएटिना नागपूरेन्सिस’ या नावाने ओळखली जाते. पुढे १९५८ मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. तेथील जी. बी. शिंदे यांनी १९६९ मध्ये पारव्यातील ‘कोटुग्निया’ या प्रजातीच्या दोन नव्या जाती एका इटालियन नियतकालिकात प्रसिद्ध केल्या. त्यांतल्या एकीच्या नावात औरंगाबाद आहे.

या दोन प्रजाती ओळखायच्या कशा? पट्टकृमीचे शरीर अनेक खंडांचे असते. रायलिएटिनाच्या प्रत्येक खंडात जननेंद्रियांचा एक संच असतो, तर कोटुग्नियाच्या खंडात दोन, उजवीकडे एक आणि डावीकडे एक. इथवर सोपे आहे. पण एकाच प्रजातीतल्या जाती वेगळ्या करताना वृषणांची संख्या, डोक्यावरच्या आकड्यांची संख्या आणि अवयवांची मापे पाहावी लागतात. खरी अडचण इथे आहे. कृमी मरताना आकसला तर मापे बदलतात. कोवळा खंड आणि पिकलेला खंड सारखे दिसत नाहीत. मग दोन नमुन्यांतला फरक जातीचा की वयाचा?

भारतातील पक्ष्यांतून अशा कितीतरी जाती नोंदल्या गेल्या, काही तर मोजक्याच नमुन्यांवरून. यांत कोणाच्या मेहनतीला कमी लेखायचे नाही. हाताशी सूक्ष्मदर्शक आणि रंगवलेल्या काचपट्ट्या एवढेच होते. आज डीएनए ताडून पाहता येतो. पण त्यासाठी जुना नमुना जपलेला असावा लागतो, निदान त्याच गावच्या पक्ष्यातून नवा मिळवावा लागतो. नमुना हरवला की उरते फक्त नाव, आणि नाव तपासता येत नाही.

नावातून आणखी एक गोष्ट कळत नाही. कोंबड्यांतील रायलिएटिनाच्या काही जातींची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, ती मुंग्या खातात आणि मुंगीच्या शरीरात कृमीचे पिल्लू वाढते. ती मुंगी कोंबडीने टिपली की चक्र पुरे होते. म्हणजे पक्ष्यातला कृमी हा त्या पक्ष्याने काय खाल्ले याचा पुरावाच असतो.

वर्गात हा विषय घेताना मेलेला पक्षी मुलांच्या हाती देऊ नका. २००६ साली नवापूरच्या कोंबड्यांत बर्ड फ्लू आढळला होता, हे विसरता येणार नाही. त्याऐवजी शाळेच्या आवारात पारवे काय टिपतात आणि तिथे कोणत्या मुंग्या फिरतात, याची तारीखवार नोंद मुलांना ठेवू द्या. आणि कुणी ‘नवी जात सापडली’ असे सांगितले, तर ‘नमुना कुठे ठेवला आहे?’ हे विचारायला त्यांना शिकवा.