रिकॉल जाहीर झाला, पुढे?

फोर्ड पिंटो म्हटलं की माणसाच्या जिवाची किंमत डॉलरमध्ये मांडणारा तो कुप्रसिद्ध मेमो हमखास निघतो. मला मात्र या गाडीच्या इतिहासातले ४१ दिवस जास्त महत्त्वाचे वाटतात.

झालं असं. पिंटोची पेट्रोलची टाकी मागच्या ॲक्सलच्याही मागे होती. मागून धडक बसली की ती फुटून आग लागायचा धोका. सरकारी सुरक्षा खात्याचा रेटा वाढल्यावर फोर्डने ९ जून १९७८ ला सुमारे १५ लाख गाड्यांचा रिकॉल जाहीर केला. दुरुस्ती तशी साधी: टाकीला प्लास्टिकचं कवच आणि पेट्रोल भरायची जरा लांब नळी. पण हे किट सगळ्या डीलर्सकडे पोचायला सप्टेंबर उजाडणार होता. म्हणजे रिकॉल आहे, वर्कशॉप आहे, मेकॅनिकही आहे... बसवायला पार्टच नाही!

१० ऑगस्टला इंडियानात १९७३ च्या एका पिंटोला मागून व्हॅन धडकली. आतल्या तिघी, दोन बहिणी आणि एक चुलत बहीण, आगीत गेल्या. रिकॉलची नोटीस त्या घरी पोचली १९७९ साली.

सरकारी वकिलाने थेट कंपनीवर फौजदारी खटला भरला. पण ज्या कायद्याखाली तो भरला, त्यातली दुरुस्ती लागू झाली होती १ जुलै १९७८ ला. त्यामुळे मुद्दा उरला एवढाच: त्यानंतरच्या ४१ दिवसांत मालकांना सावध करण्यात आणि गाड्या दुरुस्त करण्यात फोर्डने बेपर्वाई केली का? शक्य तेवढी घाई केली, असं कंपनीचं म्हणणं. मार्च १९८० मध्ये ज्युरीने फोर्डला निर्दोष सोडलं.

आमच्या धंद्यात पॅच रिलीज होणं वेगळं आणि तो सर्व्हरवर चढणं वेगळं. मधल्या काळात सिस्टिम उघडीच असते. टकाटा एअरबॅगच्या वेळीही तेच झालं. इन्फ्लेटर पुरेनात, म्हणून २०१५ मध्ये अमेरिकन सरकारला क्रम लावावा लागला: जुन्या आणि दमट हवेतल्या गाड्या आधी. बाकीच्यांनी थांबायचं, तीच गाडी चालवत.

असो. कधी तुमच्या गाडीचा रिकॉल निघाला तर डीलरला दोन प्रश्न विचारा. पार्ट आलाय का? नसेल, तर तोवर गाडी चालवू का? दुसऱ्याचं उत्तर लेखी मागा.