लहान जागेतील बहुपट्टी तार-अँटेना

लहान जागेतील बहुपट्टी तार-अँटेना म्हणजे हौशी रेडिओ केंद्रासाठी घराच्या मर्यादित आवारात ताणलेला आणि एकाच केबलवरून अनेक वारंवारता-पट्ट्यांत चालणारा तारेचा अँटेना होय. रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा यांसारख्या गावांत घरे दाटीने असतात आणि लोखंडी मनोऱ्याला जागा मिळत नाही. तेथे हाच पर्याय कमी खर्चाचा ठरतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकल्यावर जिल्ह्याच्या मोठ्या भागातील वीज व मोबाइल सेवा कोलमडली होती. अशा प्रसंगी बॅटरीवरील लघुलहरी केंद्र उपयोगी पडते. मात्र त्याचा अँटेना वाऱ्यात टिकणारा किंवा पडल्यास लगेच पुन्हा उभारता येणारा असावा लागतो. प्रक्षेपणासाठी केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाचा परवाना आवश्यक असतो.

जागेचे गणित

अर्धतरंग तारेची लांबी मीटरमध्ये काढण्यासाठी सुमारे १४३ या संख्येला मेगाहर्ट्झमधील वारंवारतेने भागतात. त्यानुसार ७.१ मेगाहर्ट्झसाठी सुमारे २० मीटर, १४.२ मेगाहर्ट्झसाठी १० मीटर आणि ३.६ मेगाहर्ट्झसाठी जवळजवळ ४० मीटर तार लागते. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. दोन गुंठ्यांच्या चौरस भूखंडाची बाजू १४.२ मीटर, तर कर्ण २० मीटर भरतो. म्हणजे ७ मेगाहर्ट्झची सरळ तार कर्णावर जेमतेम बसते. तीच तार मध्यभागी उंच धरून दोन्ही टोके खाली उतरवली आणि शिखराचा कोन ९० अंश ठेवला, तर जमिनीवरील पसारा १४ मीटरवर येतो. हा ‘उलटा व्ही’ एका गुंठ्याच्या कर्णावरही मावतो. कोन याहून लहान केल्यास दोन्ही भुजांचे प्रारण एकमेकांना मारक ठरू लागते.

रचनेची निवड

ब्रिटिश हौशी रेडिओचालक लुईस व्हार्नी यांनी १९४६ मध्ये तयार केलेला ‘जी५आरव्ही’ सर्वाधिक प्रसिद्ध आहे. परंतु त्याची ३१.१ मीटरची तार अशा भूखंडावर वाकवल्याशिवाय बसत नाही. नावाच्या प्रसिद्धीपेक्षा आधार कोठे आहेत हे पाहून निवड करणे अधिक शहाणपणाचे.

घराच्या मध्यावर ९-१० मीटर उंचीचा खांब उभारता येत असेल, तर एकाच केबलला तारांच्या दोन जोड्या लावलेला डायपोल सोयीचा ठरतो. त्यातील ७ मेगाहर्ट्झची जोडी तिप्पट वारंवारतेवर, म्हणजे २१ मेगाहर्ट्झवरही चालते. १४ मेगाहर्ट्झसाठी प्रत्येकी ५ मीटरची दुसरी जोडी जोडली की तीन पट्टे मिळतात. दोन्ही जोड्यांची टोके एकमेकांपासून दूर ठेवावी लागतात, अन्यथा एकीची लांबी जुळवताना दुसरी बिघडते.

आवाराच्या कडेला एखादाच माड किंवा सुपारी असल्यास टोकाकडून जोडलेली २० मीटरची अर्धतरंग तार बरी. टोकाशी तिचा संरोध काही हजार ओहम असतो. ४९:१ गुणोत्तराच्या रोहित्राने तो ५० ओहमच्या केबलशी जुळवतात. ही तार ७, १४, २१ आणि २८ मेगाहर्ट्झवर चालते. मात्र केबलचे बाह्य आवरणही प्रारणात भाग घेते, त्यामुळे घरातील एलईडी दिवे व इन्व्हर्टर यांचा खरखराट सहज आत येतो. केबलवर फेराइटची कडी चढवल्यास तो बराच कमी होतो.

उंची आणि पल्ला

गच्चीवर पावसासाठी घातलेला पत्रा ही कोकणातील नेहमीची अडचण आहे. घर कितीही उंच असले, तरी पत्र्यापासून एक मीटरवर ओढलेली तार जवळजवळ जमिनीलगतच्या तारेसारखी वागते. याउलट ७ मेगाहर्ट्झसाठी १० मीटर उंची म्हणजे केवळ पाव तरंगलांबी असली, तरी तो दोष मानण्याचे कारण नाही. अशा तारेतून लहरी मुख्यतः वर जातात आणि आयनांबरावरून परतून काही शे किलोमीटरच्या परिसरात उतरतात. पेण आणि रोहा यांमध्ये सरळ रेषेत सुमारे ३३ किलोमीटरच अंतर आहे, पण मध्ये डोंगर आहेत आणि पुण्याच्या बाजूला सह्याद्रीची भिंत. तेथे अतिउच्च वारंवारतेचे हातातले संच अनेकदा अपुरे पडतात. रात्री ७ मेगाहर्ट्झच्या लहरी जवळपास परत येत नाहीत, तेव्हा ३.५ मेगाहर्ट्झचा पट्टा लागतो. त्यासाठी तारेच्या टोकाजवळ वेटोळे घालून लांबीची उणीव भरून काढतात. त्यामुळे उपयोगी वारंवारतांची कक्षा अरुंद होते.

पाऊस, खारी हवा आणि वीज

पेणजवळच्या धरमतर खाडीची खारी हवा आणि रोह्यालगतच्या धाटाव औद्योगिक वसाहतीतील रासायनिक कारखान्यांचा परिसर तांब्याच्या सांध्यांना मानवत नाही. सांधे डाख देऊन जलरोधक पट्टीने गुंडाळतात. केबल घरात शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ देतात, म्हणजे पाणी तेथूनच निथळते. माड वाऱ्यात डोलतो, म्हणून दोरी घट्ट न बांधता कप्पीवरून घेऊन तिच्या टोकाला वजन टांगतात.

तार महावितरणच्या वाहिन्यांवरून किंवा खालून कधीही नेऊ नये; एखादा आधार तुटला तरी ती वाहिनीपर्यंत पोहोचणार नाही एवढे अंतर सर्व बाजूंनी लागते. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजांचा धोका अधिक असतो. अशा वेळी गडगडाट सुरू होण्यापूर्वीच केबल संचापासून काढून घराबाहेर भूसंपर्काला जोडून ठेवतात.