ज्ञानाच्या पाणपोईचा खर्च

पाणपोईवर वाटसरूस पाणी फुकट मिळतें. परंतु रांजण भरणाऱ्याची मजुरी कोणाला तरी द्यावीच लागते. शास्त्रीय शोधांच्या प्रसाराचा इतिहास पाहिला असतां हाच न्याय तेथेंही लागू पडतो.

इ. स. १६६५ च्या मार्च महिन्यांत लंडन येथील रॉयल सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग यांनीं 'फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स' हें नियतकालिक स्वतःच्या जबाबदारीवर काढलें. विक्रीनें चरितार्थास हातभार लागावा, ही त्यांची अपेक्षा होती. परंतु त्याच वर्षीं लंडनांत प्लेग उद्भवला आणि पुढच्या वर्षीं मोठ्या आगींत पुस्तकविक्यांचे साठे भस्मसात् झाले. वर्षाकाठीं सुमारें ४० पौंडांपलीकडे त्यांची प्राप्ति गेली नाहीं. अखेर १७५२ सालीं सोसायटीनें हा भार आपल्या शिरावर घेतला. सभासदांस अंक विनामूल्य मिळत. परदेशांतील विद्वत्सभांस ते भेटीदाखल जात. विक्रींतून खर्च भागत नसे. तूट सोसायटी सोशी, आणि १८९५ पासून तीस सरकारी अनुदानाचीही जोड मिळाली. ज्ञानप्रसार हें कर्तव्य आहे, व्यापार नव्हे, अशी त्यामागची धारणा होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर हें चित्र पालटलें. विद्यापीठें वाढलीं, सरकारें संशोधनावर पैसा खर्चूं लागलीं, आणि या क्षेत्रांत नफा आहे हें रॉबर्ट मॅक्सवेल यांच्यासारख्या धोरणी प्रकाशकांनीं हेरलें. १९५१ मध्यें त्यांच्या हातीं आलेली पर्गमॉन प्रेस १९९१ मध्यें एल्सेव्हियर कंपनीनें विकत घेतली. या व्यापाराची रीत विलक्षण आहे. निबंध लिहिणारास मोबदला नाहीं, तो तपासणाऱ्या पंडितासही बहुधा नाहीं. आणि ज्या विद्यापीठांच्या वेतनावर हे दोघे काम करतात, त्यांच्याच ग्रंथालयांनीं वर्गणी भरून तें ज्ञान परत विकत घ्यावयाचें! शिवाय एका निबंधाची गरज दुसऱ्यानें भागत नाहीं. म्हणून किंमत चढली तरी गिऱ्हाईक सुटत नाहीं.

१९९१ मध्येंच पॉल गिन्स्पार्ग यांनीं अमेरिकेंत पदार्थविज्ञानाचे निबंध संगणकाद्वारें विनामूल्य मिळण्याची सोय केली. २००२ च्या बुडापेस्ट जाहीरनाम्यानें खुल्या प्रकाशनाचें तत्त्व मांडलें. २००३ मध्यें निघालेल्या 'प्लॉस बायॉलॉजी' या नियतकालिकानें वाचकाऐवजीं लेखकाकडून निबंधामागें १५०० डॉलर घेण्याची पद्धत अवलंबिली; २०२१ मध्यें 'नेचर'नें निबंध खुला करण्याचा दर ९५०० युरो ठेविला. वाचकाच्या वाटेवरून उठलेला जकातनाका लेखकाच्या वाटेवर येऊन बसला. कांहीं ठिकाणीं गरीब देशांस सूट मिळते, हें खरें. पण सूट मागावी लागणें हाही एक अडसरच.

२०२४ च्या नोव्हेंबरांत भारत सरकारनें 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजनेसाठीं तीन वर्षांचे ६००० कोटि रुपये मंजूर केले. तीमुळें सरकारी शिक्षणसंस्थांतील विद्यार्थ्यांस सुमारें १३००० नियतकालिकांचें दार उघडतें. परंतु संस्थेबाहेरचा जिज्ञासू बाहेरच राहतो.

उलट ब्राझिलांत १९९८ मध्यें सुरू झालेल्या 'सायलो'नें सार्वजनिक पैशाच्या आधारें निबंध सर्वांस खुले ठेविले. खर्च कोठेंही टळला नाहीं. तो कोणीं सोसावा, एवढाच प्रश्न प्रत्येक पिढीपुढें उभा राहिला. रांजण समाजानें मिळून भरला, तरच तहानलेल्यास आपली पिशवी चाचपावी लागत नाहीं.