हार्ड डिस्क आणि एक शाळामास्तर

मंडळी, हार्ड डिस्क कोणी बनवली असं विचारलं तर डोळ्यांसमोर पांढऱ्या कोटातला शास्त्रज्ञ येतो. प्रत्यक्षात ते होते आमच्याच जातकुळीतले, एक शाळामास्तर! रेनॉल्ड जॉन्सन त्यांचं नाव. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये ते विज्ञान शिकवायचे. पेपर तपासायचा कंटाळा कुठल्या शिक्षकाला नसतो? पेन्सिलीच्या शिशातून वीज वाहते, एवढ्या साध्या गोष्टीवरून त्यांनी उत्तरपत्रिका तपासणारं यंत्र बनवलं आणि १९३४ साली आयबीएमने त्यांना नोकरीवर घेतलं.

१९५२ साली कंपनीने त्यांना कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेला प्रयोगशाळा काढायला पाठवलं. तेव्हा माहिती पंचकार्डांवर नाहीतर टेपवर असायची. टेपच्या टोकाची नोंद हवी तर अख्खी टेप फिरवा! जॉन्सन यांच्या चमूची 'रॅमॅक' १९५६ साली आली. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या, वजन टनाच्या घरात, आणि मावायची ५० लाख अक्षरं. आज मोबाइलचा एखादा फोटो तेवढी जागा खातो. पण हवी ती नोंद साधारण सेकंदभरात थेट समोर!

तत्त्व पुढेही तेच राहिलं. तबकडी फिरते आणि वाचणारं हेड हवेच्या थरावर तरंगतं. फक्त हे अंतर आता केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी झालंय.

माझ्या लॅपटॉपमधून टकटक येऊ लागली ती यामुळेच. हेडला जागा सापडत नाही, ते मागे जातं, पुन्हा शोधतं. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला 'स्मार्ट' म्हणतात. भाच्याने ती पाहिली, तर खराब सेक्टरांचा आकडा रोज वाढत होता. म्हणाला, "मावशी, दुरुस्तीचा प्रोग्रॅम नको, त्याने आणखी ताण येईल. आधी कॉपी."

ह्यांनी शेवटच्या वर्षात सांगितलेल्या गावाकडच्या आठवणी होत्या त्यात, त्यांच्याच आवाजात. ३१ फाइलींपैकी २९ पूर्ण उतरल्या. दोन अर्ध्यावर तुटतात. त्यातली एक आजोबांच्या विहिरीची आहे.

मग बॅटरी सोडवली, स्क्रू काढले, अडीच इंची डिस्क बाहेर आली आणि त्याच मापाची एसएसडी आत गेली. हिच्यात फिरणारं काहीच नाही. पण बिघडताना ही टकटक करून सांगणारही नाही.

असो. त्या फाइली आता दोन ठिकाणी आहेत. नातलगांपैकी कुणाला हव्या असतील तर जरूर कळवा, तिसरी प्रत तुमच्याकडे राहील. आणि विहिरीची गोष्ट कुणाला पूर्ण आठवत असेल, तर लिहून पाठवा.