प्लाझा, प्रासा आणि ठाणं

मंडळी, मागच्या खेपेला एका श्रोत्यांनी विचारलं होतं: स्पॅनिश कागदात ‘प्लाझा’ आला, तर मराठीत काय लिहायचं? चौक की किल्ला?

कोशात पहिला अर्थ ‘चौक’ मिळेल. मूळ लॅटिन ‘प्लातेआ’, म्हणजे रुंद रस्ता. म्हणजे हा मोकळ्या जागेचा शब्द. (आपल्या विरारला प्रत्येक दुसऱ्या इमारतीवर ‘प्लाझा’ लिहिलेलं असतं. तिथे गाडी लावायलाही जागा नसते, ते सोडा.) पण लष्करी कागदात ‘प्लाझा’ म्हणजे तटबंदीचं शहर, पूर्ण रूप ‘प्लाझा फुएर्ते’. ‘प्लाझा दे आर्मास’ पुन्हा निराळा, सैन्य जमतं ती मोकळी जागा. ‘फुएर्ते’ म्हणजे सुटा कोट, ‘सियुदादेला’ शहराच्या आतला बालेकिल्ला.

आता हे वसईत कशाला? 1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशाहाने वसई पोर्तुगीजांना दिली. 1580 ते 1640 पोर्तुगालचा राजा तोच स्पेनचा राजा होता. त्यामुळे या काळाचा अभ्यास करणाऱ्याला दोन्ही भाषा भेटतात. प्लाझाचा पोर्तुगीज भाऊ ‘प्रासा’. त्याचा आणखी एक अर्थ साधा शिपाई! तेव्हा कागदात प्रासांचा आकडा दिसला, तर शहरं मोजलीत की माणसं, हे आधी बघावं लागतं.

हा नुसता शब्दांचा कीस नाही. मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेपुढे वसई शरण आली. नेमकं काय शरण आलं? ‘किल्ला’ म्हटलं की डोळ्यांपुढे तट, तोफा, शिबंदी. पण तटाच्या आत रस्ते होते, घरं होती, जेझुइट, डोमिनिकन, फ्रान्सिस्कन यांचे मठ होते. शिबंदीला सन्मानाने बाहेर पडू द्यायचं ठरलं, तसं बायकामुलांचं, मालमत्तेचं, मागे राहणाऱ्यांच्या धर्माचंही काही ठरलं. ‘किल्ला’ लिहिलंत की ही सगळी माणसं वाक्याबाहेर जातात. ‘चौक’ लिहिलंत तर विचारूच नका. मराठ्यांनी तीन महिने एका चौकासाठी रक्त सांडलं असं होईल.

मला जवळचा वाटतो तो आपला ‘ठाणं’. मूळ ‘स्थान’, नुसती जागा. मग फौज बसवलेली जागा. ‘ठाणं बसवलं’ म्हणतोच आपण. आणि आता पोलीस ठाणं. जागेचा शब्द लष्करात भरती झाला, अगदी प्लाझासारखा. उणीव एकच: ठाण्यात शहर ऐकू येत नाही, बाजार नाही, चर्चची घंटा नाही. म्हणून मी पहिल्यांदा ‘तटबंदीचं शहर’ लिहितो आणि पुढे ‘ठाणं’. संपादक दोन्हीकडे ‘किल्ला’ करतात. मी पुन्हा बदलून पाठवतो.